टायरचं वय

आज सकाळी गॅरेजचं दार वर गेलं आणि रबराचा वास थेट स्वयंपाकघरात आला. माझा मुलगा सचिन फळीवरून हिवाळ्याची चाकं खाली काढत होता. बाहेर मेपलची पानं ओली होऊन ड्राइव्हवेला चिकटली आहेत, ती त्याच्या बुटांना लागून आत आली. पानं पडून गेली की इथे अमेरिकेत दरवर्षी गाड्यांची चाकं बदलतात. आपल्याकडे माणसं ट्रंकेतून स्वेटर काढतात, इथे गाडीलाही निराळं पायताण लागतं. सून ऋचा दारात कॉफीचा मग धरून उभी होती. मला म्हणाली, "आई, या. तुमचं बघून घ्या."

माझं म्हणजे टायरच्या कडेवरचे चार आकडे. ते मी बघितल्याशिवाय आता ह्या घरात गाडीला चाक लागत नाही. हा मान आहे की चेष्टा, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. ऋचा असं बोलते तेव्हा मी तिच्या तोंडाकडे नीट बघते. बहुतेक चेष्टा नसावी.

मी वाकले, चारही चाकं बघितली, आणि गेल्या वर्षीचे ते दिवस पुन्हा अंगावर आले. म्हणून लिहायला बसले. नातीच्या, ईराच्या, शाळेच्या वहीत मागची पानं कोरी राहतात, तिथे मी लिहिते. पुढून तिचं इंग्रजी, मागून माझं मराठी. कोणाला दाखवायचं नाही, त्यामुळे खोटं लिहायचं कारण नाही.

माझा स्वभाव संशयी आहे. तोंडाने मी बोलत नाही, चार माणसांत तर अजिबात नाही, म्हणून लोक मला गरीब समजतात. पण मनात मी सगळ्यांना उलटंपालटं करून बघत असते. हे माझ्यात जन्मापासून नव्हतं. हे दुकानाने शिकवलं.

कराडहून चिपळूणकडे जाताना घाट लागायच्या आधी रस्त्याला लागून आमचं पंक्चरचं दुकान होतं. वर पत्रा, खाली काळी माती, एक कॉम्प्रेसर आणि ट्यूब बुडवायला अर्धं कापलेलं पिंप. त्या पिंपातलं पाणी नेहमी काळं असायचं, पण ट्यूब बुडवली की भोकातून बुडबुडे यायचे ते मात्र चांदीसारखे. घरातली कामं आटोपून मी दुकानात बसायचे. आमचे हे माल आणायला कराडला गेले की गिऱ्हाईक आलं तर थांबवून ठेवायचं काम माझं.

तिथे मी टायरची सोंगं बघितली. गुळगुळीत झालेल्या टायरवर तापल्या पात्याने नक्षी पुन्हा कोरतात. वरून काळं तेल चोपडतात. लग्नाला आलेल्या म्हाताऱ्या नवऱ्यासारखा टायर चकाकतो. ड्रायव्हर शपथेवर सांगतो, "कालच घेतलाय मालक, एक खेप झालीय फक्त." आमचे हे काही बोलायचे नाहीत. अंगठ्याचं नख रबरात रुतवायचे. जिवंत रबर नखाला तळपायाच्या कातड्यासारखं लागतं. मेलेलं रबर नखासारखंच लागतं, नखावर नख घासल्यासारखं. मग नक्षीच्या तळाशी बघायचे. तिथे टाचेला पडतात तशा बारीक भेगा असतात. आणि शेवटी कडेवर ते चार आकडे. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. "टायर कुठल्या साली जन्मला ते तो स्वतःच सांगतो," हे म्हणायचे, "माणसाचं तोंड कशाला बघायचं?"

इंग्रजी अक्षरं मला येत नाहीत, पण आकडे येतात. तेवढे मी त्या दुकानात शिकले.

हे गेले, दुकान गेलं आणि मी इथे पार्सिपनीला मुलाकडे आले. आल्यावर मला वाटलं होतं, आता टायरशी संबंध संपला. इथे रस्त्याच्या कडेला कोणी ट्यूब बुडवत बसत नाही. गाड्या चकचकीत असतात. आमची गाडी तर एवढी उंच की चढायला मला हात द्यावा लागतो. तिची मूळची चाकं मोठी, काळी, बारीक काड्यांची. रबर मात्र त्यांच्यावर पातळ, भाकरीची कड असावी तेवढं. मी पहिल्या दिवशी बघूनच मनात म्हटलं, रबर कमी आणि लोखंडाची नखरेबाजी जास्त.

गेल्या वर्षी ऑक्टोबरात सचिन आणि ऋचा जेवताना टायरवर बोलायला लागले. ऋचाचं ऑफिस आधी घरून चालायचं. आता तिला आठवड्यातून तीन दिवस जावं लागणार होतं, टेकडीवरच्या रस्त्याने, ईराला वाटेत शाळेत सोडून.

सचिन म्हणाला, "स्नो टायर कशाला? आपली गाडी ऑल-व्हील ड्राइव्ह आहे. चारही चाकं ओढतात."

"ओढतात, पण थांबवतात का?" ऋचा म्हणाली. "मागच्या वर्षी त्या सिग्नलला कशी घसरले मी, विसरलास?"

"तेव्हा आइस होता यार."

"मग ह्या वर्षी काय, उन्हाळा पडणार आहे?"

मी भाजी वाढत होते. मला बोलायचं होतं. घाटाजवळ राहणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. गाडी पळवायला इंजिन पुरतं, थांबवायला टायरच लागतो. पण इंजिनिअर मुलाला भाजी वाढता वाढता असं कसं सांगायचं? गाडीवर आता आहेत ते टायर सगळ्या ऋतूंत चालतात, असं सचिनने समजावलं. मला ते ऐकूनच संशय आला. ज्याला सगळ्या ऋतूंत चालायचं असतं, तो कुठल्याच ऋतूत नीट चालत नाही.

शेवटी टायरच्या दुकानात जायचं ठरलं. मलाही नेलं, घरी एकटी कशाला म्हणून. दुकान कसलं, दवाखानाच. खुर्च्या, कॉफीचं मशीन, भिंतीला लटकवलेली चाकं. दाढीवाला एक जाडा माणूस होता, दंडावर मासा गोंदवलेला. तो आमच्या गाडीभोवती एक चक्कर मारून आला आणि काहीतरी बोलला. सचिनने मला मराठीत सांगितलं, "आई, हा म्हणतोय, हिवाळ्याला ही मोठी चाकं नकोत. दोन इंच लहान रिम घ्या. म्हणजे रबराची कड उंच येईल, खड्ड्यात रिम वाकणार नाही. आणि टायर जरा अरुंद घ्या, बर्फ कापत जाईल."

"आणि हे महाग पडणार असेल," मी हळूच म्हटलं.

"नाही गं, लहान चाकं स्वस्त असतात."

झालं. माझा संशय तिथेच पक्का झाला. विकणारा माणूस स्वतः होऊन स्वस्त वस्तू पुढे करतो, तेव्हा वस्तूत किडे असतात. वाण्याच्या दुकानात मी हे किती वेळा बघितलं होतं. ऋचालाही ती लहान चाकं आवडली नाहीत, पण तिचं कारण वेगळं होतं. "किती बावळट दिसेल गाडी. साडीवर स्लिपर घातल्यासारखी." दाढीवाल्याने मग टायरच्या कडेवरचं एक चित्र दाखवलं. तीन शिखरांचा डोंगर आणि त्याच्या पोटात बर्फाचं फूल. हे चित्र असेल तो खरा हिवाळ्याचा टायर, असं तो म्हणाला. चित्र मला आवडलं, कारण ते मला वाचता येत होतं. पण चित्र काय, कोणीही काढतं.

घेतलं काहीच नाही. "विचार करून येतो," असं सांगून आम्ही निघालो. दाढीवाला हसून हात हलवत होता. मला ते हसणंही खरं वाटलं नाही.

त्याच आठवड्यात मराठी मंडळाच्या ग्रुपवर डॉक्टर काकांचा निरोप आला. इथली सगळी मंडळी त्यांना डॉक्टर काका म्हणतात. फार वर्षांपूर्वी आलेले, आता रिटायर झालेले. गणपतीची आरती तेच सुरू करतात. नवीन आलेल्या पोरांना बँकेपासून दातांच्या डॉक्टरपर्यंत सगळं तेच सांगतात. ते आणि त्यांच्या पत्नी शालिनीताई ऍरिझोनाला कायमचे राहायला चालले होते, मुलीजवळ. घर रिकामं करत होते. आणि त्यांच्याकडे हिवाळ्याचे चार टायर होते, चाकांवर चढवलेले, आमच्या गाडीला बसतील असे. "नव्यासारखे आहेत. सचिन, घेऊन जा," असा खास निरोप.

इथल्या आपल्या माणसांची ही पद्धत आहे. पाळणा एका घरातून दुसऱ्या घरात जातो. थंडीचा कोट चार जणींनी घातलेला असतो. इडलीचं भांडं कोणाचं होतं ते कोणालाच आठवत नाही. देणारा आनंदाने देतो, घेणारा वाकून घेतो, आणि मोठ्या माणसाने दिलेली वस्तू कोणी उलटून बघत नाही. दुकानात आपण डबा उघडून वास घेतो. काकांनी दिलेल्या डब्याचा वास कोण घेणार?

आम्ही रविवारी गेलो. त्यांचं घर टेकडीच्या उतारावर आहे. शालिनीताईंनी चहा केला. काकांनी आणि सचिनने चाकं गाडीत चढवली. काकांनी एक नाणं काढून नक्षीत उभं घातलं आणि म्हणाले, "बघ, किती खोल आहे अजून. मी चालवतो कुठे एवढं? देवळात आणि भाजीला." सचिनच्या चेहऱ्यावर काय आनंद. आणि माझ्यासुद्धा, खरं सांगते. परक्या माणसाने स्वस्त चाक दाखवलं तर मला किडे दिसले. आपल्या माणसाने फुकट दिलं तर मला पुण्य दिसलं.

चाकं गॅरेजात एकावर एक रचून ठेवली. गुरुवारी मी कपडे वाळत टाकायला आत गेले. इथे बाहेर दोरी बांधू देत नाहीत, म्हणून गॅरेजात माझी दोरी आहे. रबराचा वास येईना. हे मला पहिल्यांदा खटकलं. चार टायर बंद जागेत ठेवले तर वास यायला पाहिजे. मी जवळ गेले आणि हात आपोआप पुढे गेला. अंगठ्याचं नख.

नखावर नख घासल्यासारखं लागलं.

आकडे वरच्या बाजूला नव्हते. टायरच्या दोन कडा असतात, पूर्ण आकडे एकाच कडेवर असतात, आणि चढवताना ती कड आत गेली होती. मला वाटलं, मुद्दाम आत केली. मग वाटलं, मी किती वाईट आहे. मग वरचं चाक धरून उभं केलं. कमरेतून कळ आली, पण आलं उभं. ईरा शाळेतून आली होती, ती दारात येऊन बघत होती.

"आजी, व्हॉट आर यू डूइंग?"

"काही नाही गं. टायरचं वय बघते."

"टायर्स डोन्ट हॅव बर्थडेज!"

"असतात. हे वाच बरं, शेवटचे चार आकडे."

तिने बोट लावून वाचलं. वन, नाइन, वन, थ्री. मला ते आधीच दिसले होते. तरी कोणाकडून तरी ऐकायचे होते, माझे डोळे खोटे ठरले तर बरं म्हणून. तेरा साल. ईरा गेल्या वर्षी सहा वर्षांची होती. टायर तिच्या दुप्पट वयाचा. मी नक्षीच्या तळाशी बघितलं. काकांचं नाणं जिथे उभं राहिलं होतं त्याच्या खाली बारीक बारीक भेगा होत्या. नक्षी खोल होती, कारण टायर चालला नव्हता. पण न चालताही माणूस म्हातारा होतोच की. उरलेली तिन्ही चाकं मी बघितली. चौघे एकाच वयाचे.

आता खरं पुढे आहे. मी आठ दिवस गप्प बसले.

ह्या आठ दिवसांचं कारण मी मनाला पुष्कळ सांगितलं. मी चौथी शिकलेली, ते डॉक्टर. इथली थंडी वेगळी, इथलं रबरही वेगळं असेल. सचिनची मान खाली जाईल. पण खरं कारण एवढंच की मला बोलायची सवय नाही. आणि बोलले नाही की काय होतं, ते मला चांगलं माहीत होतं.

दुकानात एकदा शेजारच्या गावचा जीपवाला आला होता, ओळखीचा. घाटातून वऱ्हाड न्यायचं होतं, घाईत होता. आमच्या ह्यांनी त्याला कोपऱ्यातला एक जुना टायर काढून बसवून दिला. त्या टायरच्या कडेला चीर होती. मी ती सकाळी झाडताना बघितली होती. ह्यांना दिसली नव्हती की दिसूनही त्यांनी दिला, ते मी कधी विचारलं नाही. गिऱ्हाइकासमोर बायकोने बोलायचं नसतं. जीप गेली. मी दिवसभर ओट्यावर बसून रस्त्याकडे बघत राहिले. घाटातून येणाऱ्या प्रत्येक गाडीचा आवाज ऐकायचा, आपल्या जीपचा आहे का बघायचं. भाकरी केली, पण खाल्ली नाही. दिवस कलला तेव्हा जीप आली, गुलालाने माखलेली, पोरं टपावर ओरडत होती. काही झालं नव्हतं. पण काही झालं नाही हे मला संध्याकाळी कळलं. सकाळपासून तोपर्यंत ती सगळी माणसं माझ्या मनात कितीदा दरीत गेली होती.

शनिवारी चाकं बसवायला न्यायची होती. शुक्रवारी सकाळी फोनवर बर्फाचा अंदाज आला. ऋचा डबा भरत होती. मी पोळी लाटत होते. मान वर न करता म्हटलं, "ऋचा, ते टायर लावू नका."

"का हो आई?"

मी सांगितलं. नख, भेगा, आकडे, कधी बघितले ते. बोलताना पोळीचा नकाशा झाला. ऋचा डबा तसाच उघडा टाकून गॅरेजात गेली. बराच वेळ आली नाही. आली तेव्हा हातात फोन होता आणि बोटं काळी झाली होती.

"बरोबर आहे तुमचं. इतके जुने झाले की रबर कडक होतं म्हणे. नक्षी कितीही असू दे. आई, हे तुम्हाला कोणी शिकवलं?"

"दुकानात बसायचे ना मी."

"मग आठ दिवस का नाही बोललात?"

मी पुढची पोळी लाटायला घेतली.

सचिनला सांगितलं तेव्हा तो चिडला. माझ्यावर नाही, पण कोणावर ते त्यालाही कळत नव्हतं. "काका इतकी वर्षं त्याच टायरवर फिरलेत. त्यांना काय वाटेल? एवढ्या प्रेमाने दिलेत."

ऋचा शांतपणे म्हणाली, "त्या गाडीत मी आणि ईरा बसणार आहोत. काकांचं प्रेम ब्रेक मारणार आहे का?"

सचिनला ते पटलं. पण तो माझाच मुलगा. रविवारी त्याने चाकं परत नेऊन दिली आणि काकांना सांगितलं, "साईज बसत नाही काका. बोल्टची भोकं जुळत नाहीत." घरी येऊन म्हणाला, "कोणी दुखावलं नाही, काम झालं." मीही म्हटलं, बरं केलंस.

सोमवारी आम्ही पुन्हा त्या दाढीवाल्याकडे गेलो. त्याने नवे टायर आणले, तीच लहान चाकं, तेच डोंगराचं चित्र. मला राहवेना म्हणून मी वाकले आणि कड शोधायला लागले. दाढीवाल्याने बघितलं. मला वाटलं, आता रागावेल. त्याने स्वतःच टायर फिरवला आणि आकड्यांवर बोट ठेवलं. त्याच वर्षीचे होते, उन्हाळ्यातले. तो काही बोलला. ऋचा हसून म्हणाली, "आई, तो म्हणतोय, हे बघणारं गिऱ्हाईक क्वचित येतं. तुम्ही ह्याच धंद्यातल्या का, विचारतोय." मी नख लावून बघितलं. तळपायाच्या कातड्यासारखं होतं. मग मला त्या माणसाची लाज वाटली. लाज वाटली तरी उरलेल्या तीन टायरचे आकडेही मी बघितलेच. आता संशय जाणार आहे का ह्या वयात?

परक्यावर संशय घ्यायला आपल्याला लहानपणापासून शिकवतात. आपल्या माणसाबद्दल संशय आला तर तो पाप म्हणून गिळायचा असतो. पण आपल्या माणसानेही फसवलेलं नसतं. त्याला ठाऊकच नसतं. तो मनापासून देतो आणि आपण मनापासून घेतो, आणि मधल्या वस्तूकडे कोणीच बघत नाही. मला वाटतं जगातले बरेच अपघात असे मनापासून होत असतील.

मंगळवारी सकाळी मंडळाच्या ग्रुपवर फोटो आला. चार काळी चाकं, छान पुसलेली. "सचिनच्या गाडीला बसले नाहीत. कोणाला हवेत?" आणि खाली लगेच एका मुलाचं उत्तर, "काका, मी घेतो! शनिवारी येऊ का?" नागपूरहून नुकताच आलेला मुलगा. त्याच्या बायकोला दिवाळीच्या कार्यक्रमात मी बघितलं होतं. सातवा महिना. खुर्ची शोधत होती, मी माझी दिली. त्यांचा इथला पहिलाच हिवाळा.

मी सचिनला हाक मारली. तो वर मीटिंगमध्ये होता. आला तेव्हा त्याने फोटो बघितला आणि डोळे मिटून घेतले. "आता कसं सांगू, आई? साईजचं बोलून बसलोय. आता खोटा पडेन." तो पुन्हा वर गेला. मी स्वयंपाकघरात उभी राहिले. खिडकीबाहेर बर्फ नव्हता. आभाळ मात्र राखेसारखं खाली आलं होतं. मला ओटा आठवला. दिवसभर रस्त्याकडे बघत बसणं आठवलं. ह्या वेळी जीप कुठल्या रस्त्याने येणार तेही मला माहीत नव्हतं.

मी शालिनीताईंना फोन लावला. आपण होऊन मी इथे कोणालाच फोन करत नाही.

"अहो सचिनच्या आई! कधी नव्हे ते! बोला बोला."

मनात जुळवलेलं सगळं पळून गेलं. एकदम म्हटलं, "ते टायर कोणाला देऊ नका. साईजचं खोटं होतं. टायर म्हातारे झालेत, बर्फात थांबणार नाहीत."

मला वाटलं, आता त्या फोन आपटतील. मग शालिनीताई हळूच म्हणाल्या, "सरकायची."

"काय?"

"गाडी हो. गेले तीन हिवाळे. आमच्या घराच्या उताराला ब्रेक मारला की आधी जरा पुढे जायची, मग थांबायची. मी दाराची कडी धरून बसायची. हे म्हणायचे, तुला उगाच भीती. मलाही वाटलं, आपलंच मन भित्रं झालंय."

"मग टायर बदला म्हणाला नाहीत?"

"ह्यांना चूक म्हणायची सवय नाही हो मला. टायर बदला म्हणायचं धाडस झालं नाही, म्हणून मग गावच बदलू या म्हटलं. थंडीने गुडघे दुखतात असं सांगितलं सगळ्यांना. ऍरिझोनात बर्फ नाही ना पडत."

त्या हसल्या. मला हसावं की नाही कळेना. एक बाई घर, झाडं, शेजार, सगळं सोडून दुसऱ्या टोकाला निघाली होती, कारण एक वाक्य तिच्या तोंडून निघत नव्हतं.

"आणि आम्हाला देताना?" मी विचारलं. विचारायला नको होतं, पण विचारलं.

"चहा गाळत होते मी," त्या म्हणाल्या. "आता सांगू, आता सांगू, म्हणेपर्यंत तुमची गाडी गेलीसुद्धा. शनिवारी ती पोरं आली असती तरी मी चहाच केला असता."

मला त्यांचा राग आला नाही. आठ दिवस पोळ्या लाटणाऱ्या बाईने चहा गाळणाऱ्या बाईवर काय रागवायचं?

"थांबा," त्या अचानक म्हणाल्या, "हे इथेच आहेत. तुम्हीच सांगा. माझ्या तोंडून ते ऐकणार नाहीत."

"अहो नको नको," मी म्हणत होते, तोवर फोन त्यांच्या हातात गेला होता.

"हं, बोला वहिनी."

परक्या पुरुषाशी मी फोनवर कधी बोललेली नव्हते. पदर नव्हता, गाऊन होता, तरी हात खांद्याकडे गेला. मी म्हटलं, "डॉक्टर, तारीख उलटलेलं औषध तुम्ही पेशंटला दिलं असतं का?"

"छे, का बरं?"

"टायरलाही तारीख असते."

ते हसले. "वहिनी, आयुष्य गेलं माझं ह्या बर्फात गाडी चालवण्यात. नाणं घालून मोजलेत मी टायर."

"नक्षी चांगली आहे. रबर मेलंय. ज्या मुलाला देताय त्याची बायको गरोदर आहे."

आता ते हसले नाहीत. म्हणाले, "कुठे असते म्हणता ही तारीख?"

"चाक उलटं करा. आतल्या कडेवर इंग्रजी अक्षरं संपली की शेवटचे चार आकडे."

पावलं ऐकू आली. गॅरेजचं दार घरघरत वर गेलं. चाक जमिनीवर पडल्याचा आवाज झाला, मग त्यांचा श्वास. त्यांनी आकडे एकेक करून वाचले. मी सांगितलं, "पहिले दोन आठवडा. पुढचे दोन साल."

त्यांनी दुसरंही चाक उलटं केल्याचा आवाज आला. मग ते म्हणाले, "त्या मुलाला मी आत्ताच नाही म्हणून कळवतो. खरं कारणच सांगतो." त्यांचा आवाज डॉक्टरांचा होता, पण बारीक झालेला. आणि मग फोनपासून तोंड बाजूला करून त्यांनी हाक मारली, "शालिनी, जरा बाहेर ये गं. तू त्या उतारावर म्हणायचीस ना, गाडी सरकते म्हणून..."

वाक्य त्यांनी अर्धंच सोडलं. शालिनीताईंची चप्पल वाजत जवळ येत होती. पुढे जे बोलणं व्हायचं होतं ते त्या दोघांचं होतं. मी फोन ठेवून दिला.